निर्णयसागरच्या जुन्या पुस्तकाचे छपाईचे वर्ष कसे काढावे

माळ्यावरच्या ट्रंकेतून निघालेले, कडा पिवळ्या पडलेले, पहिले पान गळालेले पुस्तक हातात आले की पहिला प्रश्न असतो, 'हे किती जुने?' आणि पहिले उत्तर बहुधा चुकते, कारण ते पुस्तकाकडे न बघता मजकुराकडे बघून दिलेले असते. कालिदासाचे काव्य जुने आहे, त्यावरची टीका जुनी आहे, प्रस्तावनेखालची तारीखही जुनी आहे. पण तुमच्या हातातली प्रत त्यानंतर चाळीस वर्षांनी छापलेली असू शकते.

एका पुस्तकात पाच वेगवेगळी वये नांदत असतात. मजकूर रचल्याचे, ती आवृत्ती तयार केल्याचे, ही छपाई झाल्याचे, बांधणीचे आणि मालकाच्या हाती आल्याचे. आपल्याला हवे असते ते तिसरे. ते क्वचितच एका खुणेवरून सापडते. खरी पद्धत दोन कडा बांधण्याची आहे. 'याच्या आधीचे असू शकत नाही' ही एक आणि 'याच्या नंतरचे असू शकत नाही' ही दुसरी. छापील मजकुरातली सर्वांत नवी खूण पहिली कड ठरवते. छपाईनंतर त्याच कागदावर उमटलेली सर्वांत जुनी तारीख दुसरी कड ठरवते. पुढचे सगळे काम म्हणजे या दोन कडा एकमेकींच्या जवळ आणणे.

हा लेख मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याला धरून लिहिला आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या या छापखान्याची पंचांगे, संस्कृत ग्रंथ आणि मराठी पुस्तके आजही घरोघरी निघतात. शिवाय त्यांच्या छापण्याच्या सवयी इतक्या नेमक्या होत्या की शिकायला याहून चांगले उदाहरण नाही. हीच रीत पुण्यामुंबईच्या इतर जुन्या छापखान्यांनाही लागू पडते, नावे आणि पत्ते तेवढे बदलतात.

हाताळण्याआधी

दहा पट मोठे दाखवणारे भिंग, लहान टॉर्च, मिलिमीटरची पट्टी, मऊ ब्रश, टूबी पेन्सिल आणि कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या एवढे पुरते. शक्य असेल तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या, त्याचे काम पुढे येईल. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. हातमोज्यांनी पानाची कड कळत नाही आणि ठिसूळ पान फाटते, त्यामुळे उघडा कोरडा हात बरा. पुस्तक सपाट उघडू नका. दोन्ही बाजूंना घडी केलेले टॉवेल ठेवून जेमतेम काटकोनाएवढेच उघडा. थुंकी लावून पान उलटणे, इस्त्री करणे, चिकटपट्टी लावणे ही तिन्ही कामे वर्जित. चिकटपट्टीचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पाडतो आणि नेमकी त्याखालचीच ओळ वाचता येत नाहीशी होते.

पहिली पायरी: शेवटचे पान आधी बघा

मुखपृष्ठ आणि नामपृष्ठ सर्वांत आधी गळतात, म्हणून शोध शेवटून सुरू करा. १८६७ च्या २५ व्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण आणि प्रकाशकाचे नाव व प्रकाशनाचे ठिकाण देणे सक्तीचे झाले. त्यामुळे ही ओळ कुठे ना कुठे असतेच. नामपृष्ठाच्या मागे, शेवटच्या पानाच्या तळाशी, मलपृष्ठाच्या आत किंवा जाहिरातींच्या शेवटी बारीक इंग्रजी टायपात ती शोधा.

'सन १८६७ चा आक्ट २५ प्रमाणें रजिष्टर केलें आहे' अशी ओळ दिसली की अनेकजण पुस्तक १८६७ चे समजतात. तसे नाही. ते कायद्याचे वर्ष आहे. हीच ओळ विसाव्या शतकातल्या पुस्तकांवरही छापलेली असते. तिच्यावरून एवढेच कळते की पुस्तक १८६७ च्या आधीचे नाही. तिच्याऐवजी १८४७ च्या २० व्या कायद्याचा उल्लेख असेल तर पुस्तक बहुधा त्याहून जुन्या काळातले, म्हणजे १८४७ नंतरच्या वीसएक वर्षांतले असते.

दुसरी पायरी: नावे लावून घ्या

निर्णयसागरच्या बाबतीत खरी किल्ली हीच आहे. मालकाचे नाव पिढीगणिक बदलत गेले आणि ते प्रामाणिकपणे छापले गेले.

जावजी दादाजी १८९२ मध्ये वारले. त्याआधीच्या पुस्तकांवर त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केल्याचा उल्लेख असतो. पुढे त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांचे नाव येते आणि ते १९१० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत दिसते. त्यानंतर पांडुरंग जावजी. १९२० आणि १९३० च्या दशकांतली बहुसंख्य पुस्तके त्यांच्या नावाची आहेत. १९४० च्या दशकात सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव प्रकाशक म्हणून येते.

इथे एक सापळा आहे आणि त्यात जाणकारही अडकतात. तुकाराम जावजींच्या काळातल्या इंग्रजी ओळीत 'जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे मालक तुकाराम जावजी' अशा अर्थाची शब्दयोजना असते. पान फाटून फक्त 'जावजी दादाजी' एवढेच उरले असेल, तर पुस्तक १८९२ च्या आधीचे असल्याचा भास होतो. तेव्हा ते नाव षष्ठीत आहे की कर्त्याच्या जागी आहे ते नीट बघा. इंग्रजीत त्या नावापुढे अपॉस्ट्रॉफी (’) आणि एस हे अक्षर असेल, तर तो छापखान्याच्या नावाचा भाग आहे, व्यक्तीच्या हयातीचा पुरावा नाही.

आणखी एक बारीक पण उपयोगी खूण म्हणजे इंग्रजी स्पेलिंग. तुकारामांच्या काळातल्या ओळींत 'जावजी' मधला 'व' बहुधा व्ही ने लिहिलेला असतो, पांडुरंगांच्या काळात डब्ल्यू ने. पान अर्धे उरले असेल तेव्हा हे एक अक्षरही दिशा देते.

मुद्रकाचे नाव मालकाच्या नावापासून वेगळे असते, ते वेगळे टिपा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या आसपास बी. आर. घाणेकर हे मुद्रक म्हणून दिसतात आणि पत्ता २३, कोलभाट लेन असतो. पुढच्या दीर्घ काळात रामचंद्र येसू शेडगे हे नाव येते. त्यांच्या सुरुवातीच्या पुस्तकांवर २३, कोलभाट लेन हाच पत्ता आहे, नंतरच्या पुस्तकांवर २६-२८, कोलभाट लेन. मालक, मुद्रक आणि घरक्रमांक ही तीन नावनिशाणे एकत्र ठेवली की काळाचा पट्टा चांगलाच आवळतो. शेडगे आणि २३ क्रमांक एकत्र दिसले तर शेडग्यांच्या कारकिर्दीचा आरंभीचा भाग, शेडगे आणि २६-२८ दिसले तर त्यापुढचा.

तिसरी पायरी: शक, संवत्सर आणि एक वर्षाचा घोळ

नामपृष्ठावर वर शके आणि खाली इसवी सन अशी दोन्ही वर्षे असतील तर काम सोपे. फक्त शके असेल तर त्यात ७८ मिळवा. पण शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या तिथीला साधारणपणे ७९ मिळवावे लागतात. शके १८१३ चा श्रावण म्हणजे १८९१, पण शके १८१३ चा माघ म्हणजे १८९२. महिना दिलेला नसेल तर '१८९१-९२' असेच लिहा. नुसते '१८९१' लिहिणे म्हणजे आपल्याला नसलेली माहिती असल्याचे दाखवणे.

विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ५६. गुजराती वाचकांसाठीच्या पुस्तकांत संवत कार्तिकात बदलतो, हेही ध्यानात ठेवा.

संवत्सराचे नाव ही तर फुकटची पडताळणी आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि उरलेली बाकी साठ संवत्सरांतल्या पहिल्या, म्हणजे प्रभवापासून मोजा. १८१३ अधिक १२ म्हणजे १८२५. त्याला ६० ने भागल्यावर बाकी २५, आणि पंचविसावा संवत्सर खर. तेव्हा 'शके १८१३ खरनाम संवत्सरे' हे बरोबर जुळते. आकडा पुसट झाला असेल, १८१३ की १८१८ कळत नसेल, तर संवत्सराचे नाव निकाल लावते, कारण १८१८ चा संवत्सर तिसावा, म्हणजे दुर्मुख. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय.

संस्कृत पुस्तकांच्या शेवटी वर्ष शब्दांत गुंफलेले असते. तिथे चंद्र, भू म्हणजे एक, राम म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, वसु म्हणजे आठ, आणि अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे. 'राम-चंद्र-वसु-भू' म्हणजे ३, १, ८, १, उलटे लिहिले की १८१३. मात्र असा श्लोक बऱ्याचदा ग्रंथ रचल्याचे वर्ष सांगतो, छापल्याचे नाही. १६ किंवा १७ ने सुरू होणारा शक निघाला तर तो कुणाचा, हा प्रश्न आधी विचारा.

पंचांगाचे वेगळे. पंचांगावर जे शकवर्ष असते ते वापरण्याचे वर्ष. ते गुढीपाडव्याआधी लोकांच्या हाती पडावे लागते, म्हणून छपाई त्याच्या आधीच्या महिन्यांतली असते.

चौथी पायरी: नामपृष्ठच नसेल तर फर्म्याकडे वळा

पुस्तक मोठ्या कागदावर छापून घड्या घालून बनते. एका घडीचा एक फर्मा, बहुधा आठ किंवा सोळा पानांचा. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, बांधणाऱ्याच्या सोयीसाठी बारीक आकडा असतो. निर्णयसागरच्या संस्कृत पुस्तकांत त्या आकड्यासोबत ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरेही असतात. रघुवंश असेल तर '५ र० वं०' असे काहीतरी. नाव हरवलेल्या पुस्तकाची ओळख पटवायला याहून खात्रीची जागा नाही, कारण पानाच्या माथ्यावर कधी फक्त सर्गाचे किंवा अध्यायाचे नाव असते.

फर्म्याचे आकडे क्रमाने मोजा आणि लिहून काढा. आठ पानांचा फर्मा असेल तर आकडे पृष्ठ १, ९, १७, २५ असे पडतील. सोळाचा असेल तर १, १७, ३३. मध्येच एक आकडा नसेल तर तिथली पाने गेली आहेत का ते पृष्ठांकांशी ताडून पाहा. प्रस्तावना, विषयानुक्रम आणि शुद्धिपत्र यांना वेगळे पृष्ठांक असतात. ती पाने मुख्य मजकूर छापून झाल्यावर छापली जात, म्हणून सर्वांत ताजी तारीखही तिथेच सापडते.

शुद्धिपत्राकडे दुर्लक्ष करू नका. त्यातल्या चार-पाच चुका मजकुरात जाऊन बघा. चुका तशाच असतील तर हे शुद्धिपत्र याच छपाईचे. मजकूर दुरुस्त आहे आणि शुद्धिपत्र नाही, तर नंतरची आवृत्ती. मजकूर दुरुस्त आणि तरीही जुने शुद्धिपत्र जोडलेले असेल, तर दोन प्रतींतून एक पुस्तक बांधले गेल्याची शंका घ्या.

काव्यमाला ही निर्णयसागरची संस्कृत ग्रंथमाला १८८६ पासून निघू लागली. त्या मालेतल्या पुस्तकावर मालेचा अनुक्रमांक असतो. पण अनुक्रमांक ग्रंथाचा असतो, छपाईचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीलाही तोच आकडा राहतो. लहान क्रमांक बघून 'सुरुवातीची प्रत' असे ठरवून टाकणे ही नेहमीची चूक आहे.

पाचवी पायरी: किंमत आणि पत्ता

किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारणपणे १ एप्रिल १९५७ च्या आधीचे, कारण त्या दिवसापासून दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नये पैसे लिहिले असतील तर ते १९५७ ते १९६४ या पट्ट्यातले. १ जून १९६४ पासून 'नये' गळून नुसते 'पैसे' उरले. थेट सात वर्षांच्या पट्ट्यात पोहोचवणारी ही खूण आहे.

जुन्या किमतीतल्या उभ्या रेघा वाचायला शिका. '१।' म्हणजे सव्वा रुपया, '१॥' म्हणजे दीड, '१॥।' म्हणजे पावणेदोन. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे बारा पै. 'ट. ख.' म्हणजे टपालखर्च, तो किमतीत धरू नका.

किमतीवर चिठ्ठी डकवलेली किंवा शिक्का मारलेला असेल तर तो विक्रीच्या काळाचा. १९३० मध्ये छापलेली प्रत दुकानात पडून १९५८ मध्ये नव्या पैशांत विकली गेलेली असू शकते. छापील किंमत आणि शिक्क्याची किंमत वेगळ्या रकान्यात लिहा.

पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. 'मुंबई २' असा एक-दोन आकड्यांचा विभाग असेल तर त्याआधीची असण्याची शक्यता मोठी, पण जुने ठोकळे पुढेही काही काळ वापरले गेले, म्हणून हा पुरावा एकटा पुरत नाही. 'मुंबई इलाखा' हा शब्द स्वातंत्र्यापूर्वीचा. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर १ मे १९६० नंतरचे.

सहावी पायरी: शुद्धलेखन

मराठी मजकूर असेल तर लेखनच बोलते. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. 'पुस्तकें', 'नाहीं', 'तें', 'छापलें' हे त्याआधीचे वळण. याच नियमांनी तत्सम शब्दांच्या शेवटचा ऱ्हस्व इकार दीर्घ झाला. म्हणून एकच शब्द तपासा. 'आवृत्ति' असे छापले असेल तर वळण जुने, 'आवृत्ती' असेल तर बहुधा नवे. नामपृष्ठावर हा शब्द जवळजवळ नेहमी असतो, त्यामुळे शोधायलाही लागत नाही.

त्याही मागे गेलात तर 'म्हणून' च्या जागी 'ह्मणून', 'आम्ही' च्या जागी 'आह्मी' दिसते. ते एकोणिसाव्या शतकातले नेहमीचे वळण. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे मराठीत रुळवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातले कोशकार मेजर कँडी यांना जाते. त्यामुळे फक्त दंड वापरणारा गद्य मजकूर दिसला तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे नजर टाकायला हरकत नाही. 'अि, अी, अु' अशी स्वरचिन्हे असतील तर सावरकरांच्या लिपिसुधारणेचा प्रभाव, म्हणजे १९३० च्या दशकानंतरचा काळ.

पण काही लेखक आणि मुद्रक १९६२ नंतरही जुन्याच पद्धतीने लिहीत राहिले, आणि पुनर्मुद्रणात तर जुने लेखन मुद्दाम जपतात. म्हणून मुख्य मजकुराचे नव्हे, प्रकाशकाच्या निवेदनाचे आणि जाहिरातींचे शुद्धलेखन तपासा. ते त्या छपाईच्या वेळी नव्याने लिहिलेले असते. निव्वळ संस्कृत पुस्तकाला तर ही कसोटी लागूच पडत नाही.

सातवी पायरी: ठसा, शाई, कागद

खोली अंधारी करा. टॉर्च पानाच्या पातळीला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची छपाई असेल तर अक्षरे कागदात किंचित रुतलेली दिसतात आणि पानाच्या मागे उठाव येतो. भिंगाखाली अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते, कारण दाबाने शाई बाहेर ढकलली जाते. कागद पूर्ण सपाट आणि शाई सारखी पसरलेली असेल तर शिळाछाप (दगडावरून केलेली छपाई) किंवा ऑफसेट.

शिळाछाप ओळखायला एक साधी चाचणी आहे. एकाच पानावरचे पाच 'क' भिंगाखाली बघा. खिळ्यांत ते साच्यातून काढल्यासारखे एकसारखे असतात. शिळाछापात मजकूर हाताने लिहिलेला, म्हणून प्रत्येक 'क' ची गाठ थोडी वेगळी, ओळीच्या शेवटी अक्षरे दाटलेली. मात्र शिळाछाप म्हणजे अतिप्राचीन असे धरू नका. पुण्यामुंबईत शिळाछापाच्या पोथ्या एकोणिसावे शतक बरेच सरेपर्यंत निघत होत्या.

सर्वांत जास्त फसवतात ती जुन्या प्रतीची छायाचित्रे घेऊन केलेली ऑफसेट पुनर्मुद्रणे. त्यांत जुने नामपृष्ठ, जुने वर्ष, जुना मालक सगळे जसेच्या तसे येते. ठसा मात्र नसतो. बारीक अक्षरांच्या पोकळ्या भरलेल्या दिसतात, आणि मूळ प्रतीवरचे डाग, फाटका कोपरा किंवा ग्रंथालयाचा शिक्काही काळ्या शाईत छापलेला आढळतो. शिक्क्यावर बोट ठेवून बघू नका, भिंग ठेवा. खऱ्या शिक्क्याची शाई जांभळी, निळी, कागदाच्या तंतूंत उतरलेली असते. इथेच अतिनील टॉर्च कामी येतो. पान निळसर पांढरे झगमगले तर कागदात चमक आणणारी रसायने आहेत आणि अशी रसायने कागदात साधारण १९५० पासून आली. जुना कागद मंद, पिवळसर किंवा तपकिरी राहतो. तपासताना दुरुस्तीसाठी नंतर डकवलेल्या पट्टीवर प्रकाश टाकला तर उत्तर चुकेल, म्हणून मजकुराची निदान तीन पाने वेगवेगळ्या फर्म्यांतून घ्या.

कागदाच्या पिवळेपणावर वर्ष बेतू नका. लाकडाच्या लगद्याचा १९४३ चा कागद चिंध्यांच्या १८६० च्या कागदापेक्षा किती तरी जास्त करपलेला असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती आणि त्या वर्षांतला पातळ, खरबरीत, लवकर तुटणारा कागद हाताला कळतो. उलट ठणठणीत पांढरट पान बघून 'नवीन आहे' म्हणू नका.

चित्र असेल तर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी आहे का ते बघा. ठिपक्यांनी छापलेले छायाचित्र १८८० च्या आधीचे सहसा नसते, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत ते त्याच्याही बरेच नंतर रुळले.

आठवी पायरी: नंतर जोडले गेलेले

मागच्या पानांवरची 'आमचे येथे मिळणारी पुस्तकें' ही यादी म्हणजे खजिना आहे. त्यातल्या एका पुस्तकाचे पहिले प्रकाशन १९०४ चे असेल, तर ही यादी १९०४ च्या आधीची नाही. यादीतले सर्वांत नवे पुस्तक शोधा. पण यादीचा कागद आणि मजकुराचा कागद एकच आहे ना, हे आधी पाहा. न विकल्या गेलेल्या जुन्या फर्म्यांना नवी यादी जोडून बांधण्याची पद्धत होती.

मालकाच्या सहीखालची तारीख, बक्षीस म्हणून दिल्याची नोंद, मोडीतला 'मालक' असा शेरा, ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, या सगळ्यांनी 'याच्या नंतरचे नाही' ही कड ठरते. ती नोंद मजकुराच्या पानावर असेल तर भक्कम. बांधणीच्या कोऱ्या पानावर असेल तर ते पान त्याच पुस्तकाचे आहे का ते तपासावे लागते. पुण्याच्या प्रतींवर कधी चिखलाच्या पाण्याची सरळ रेघ दिसते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात शहरातली असंख्य पुस्तके भिजली होती. अशी रेघ प्रतीचा इतिहास सांगू शकते, छपाईचे वर्ष नाही, पण तो इतिहासही टिपून ठेवण्याजोगा आहे.

सगळे एका प्रतीवर लावून बघू

समजा एक संस्कृत काव्य आहे. बांधणी नव्या कापडाची, नामपृष्ठ नाही. पहिले उरलेले पान प्रस्तावनेचे आणि तिच्याखाली 'शके १८१३ खरनाम संवत्सरे माघ शुद्ध' अशी तिथी. संवत्सर जुळतो, माघ म्हणून ७९ मिळवले, १८९२ आले. इथेच थांबून 'पहिली आवृत्ती, १८९२' असे लिहिण्याचा मोह होतो.

शेवटचे पान उघडा. तळाशी इंग्रजीत मुद्रक घाणेकर, पत्ता २३, कोलभाट लेन, प्रकाशक तुकाराम जावजी. म्हणजे ही छपाई प्रस्तावनेच्या वेळची नाही, प्रस्तावना पहिल्या आवृत्तीतून तशीच पुन्हा छापली आहे. पृष्ठ ४१ च्या समासात, मजकुराशेजारी, शाईने सही आणि 'ता. १४ जून १९११'. आता दोन्ही कडा मिळाल्या. तुकारामांची कारकीर्द सुरू झाल्यानंतर आणि जून १९११ च्या आधी, त्यातही घाणेकरांच्या नावामुळे बहुधा १९०० च्या पुढे. मागच्या यादीत १९०६ मध्ये प्रथम निघालेले पुस्तक सापडले आणि यादीचा कागद मजकुराच्याच फर्म्यातला निघाला, तर पट्टा १९०६ ते १९११ एवढाच उरतो. पाच वर्षे. नामपृष्ठ नसलेल्या पुस्तकासाठी हे उत्तम उत्तर आहे.

सूचीशी ताडून पाहा

मराठी पुस्तकांसाठी शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची हाच आधार. तिचा पहिला खंड १८०० ते १९३७ आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममधल्या मराठी व गुजराती छापील पुस्तकांची ब्लुमहार्ट यांची सूची १८९२ मध्ये निघाली, ती त्याआधीच्या पुस्तकांसाठी उपयोगी. सूचीत फक्त नाव जुळवून समाधान मानू नका. पृष्ठसंख्या, आकार, किंमत आणि आवृत्तीचा क्रमांक हे चारही ताडा. आकार मोजताना पानाची उंची मोजा, पुठ्ठ्याची नव्हे. नव्या बांधणीत कडा कापल्या गेल्या असतील तर उंची पाच-सहा मिलिमीटरने कमी भरेल, तेव्हा छापील मजकुराच्या चौकटीची उंचीही टिपा. ती कापली जात नाही. दोन आवृत्त्यांत पृष्ठसंख्या सारखी असली तरी ही चौकट किंवा ओळींची संख्या बऱ्याचदा वेगळी निघते.

शक्य असेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पुणे मराठी ग्रंथालय किंवा भारत इतिहास संशोधक मंडळ इथली वर्ष छापलेली प्रत समोर ठेवून पान ताडून पाहा. पृष्ठ १७, ३३ आणि ४९ ची शेवटची ओळ एकाच शब्दावर तुटते का, मोडलेला एखादा खिळा दोन्हीकडे त्याच जागी आहे का. तिन्ही पानांवर ओळी तशाच तुटत असतील तर जुळणी (खिळ्यांची मांडणी) बहुधा तीच. एकाच पानावर फरक पडला तर ते पान पुन्हा जुळवले गेले आहे, आणि दोन प्रती दोन छपायांच्या असू शकतात.

नोंद पुस्तकावर करू नका. वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: ग्रंथाचे नाव आणि ते कशावरून कळले, छपाईचा पट्टा, पहिल्या कडेचा पुरावा पृष्ठांकासह, दुसऱ्या कडेचा पुरावा पृष्ठांकासह, पानाची आणि चौकटीची उंची, फर्म्याची पाने, गहाळ पाने. चिठ्ठी आम्लरहित कागदाची असावी, नाहीतर वीस वर्षांनी तिचा तपकिरी चौकोन शेजारच्या पानावर उमटतो. वर्ष पक्के नसेल तर ते चौकटी कंसात घालून पुढे प्रश्नचिन्ह द्या, म्हणजे पुढे नामपृष्ठासह दुसरी प्रत सापडली की कोणता आकडा बदलायचा ते उघडताक्षणी दिसेल.